एका गुंठ्याला एक ठिपका: कोपर्निकस ब्राउझर कोल्हापूरच्या उसाला कितपत उपयोगी?

भरणी (बुडख्याला मातीची भर) होऊन पाने जुळली की उसाच्या रानात आत शिरून बघणे संपते. बांधावरून दिसतात त्या कडेच्या दोन-चार सऱ्या, आणि कडेच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळत असल्याने तो नेहमीच बरा दिसतो. मध्ये तुटाळ (न उगवलेली मोकळी जागा) पडली आहे का, पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचते का, हे तोडणीची टोळी फडात उतरली की कळते. तेव्हा कळून काय उपयोग? म्हणूनच ‘उपग्रहावरून पीक बघा’ म्हणणाऱ्या ॲप्सना ऊसपट्ट्यात गिऱ्हाईक आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या एआय-ऊस प्रकल्पाचा बोलबाला झाल्यापासून तर एकरी वर्गणीची भाषा नेहमीचीच झाली आहे.

यातल्या बऱ्याच ॲप्सच्या मुळाशी असलेली चित्रे फुकट मिळतात. युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाचे सेंटिनेल उपग्रह ती टिपतात आणि ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर ती कुणालाही बघता येतात. हे परीक्षण त्या मूळ दुकानाचे आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: सलग एकराच्या वरचे रान, किंवा आख्ख्या गावाची, सोसायटीची, कारखान्याच्या गटाची नजर ठेवायची असेल तर याला तोड नाही. दहा-पंधरा गुंठ्यांच्या पट्ट्यांना हे जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि दोन्ही बाबतीत ते रोग ओळखत नाही. रानात कुठे जाऊन बघायचे एवढेच सांगते.

ठिपक्याचा हिशोब

सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये, दुसरा मार्च २०१७ मध्ये आणि तिसरा सप्टेंबर २०२४ मध्ये गेला. दोन उपग्रहांची जोडी मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते; वेळ आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास. कॅमेऱ्यात तेरा पट्टे आहेत. लाल, हिरवा, निळा आणि जवळचा अवरक्त हे चार पट्टे १० मीटरच्या ठिपक्याने (पिक्सेलने) येतात. लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे ‘रेड-एज’ पट्टे आणि ओलावा दाखवणारे लघुतरंग अवरक्त पट्टे २० मीटरच्या ठिपक्याने.

आता गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटर. दहा मीटरचा ठिपका म्हणजे १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा एक गुंठा म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, इतके सोपे गणित. वीस मीटरचा ठिपका चार गुंठ्यांचा.

पण बांधावर पडलेला ठिपका अर्धा आपला, अर्धा शेजाऱ्याचा. शिवाय एका तारखेचे चित्र दुसऱ्या तारखेच्या चित्रावर अगदी तंतोतंत बसतेच असे नाही. काही मीटरचा सरकाव धरूनच चालावे. चौकोनी एक एकर रान घेतले तर बाजू ६३-६४ मीटर. कडेचे ठिपके सोडले की दहा मीटरचे सोळा ते पंचवीस स्वच्छ ठिपके हाती लागतात. वीस मीटरच्या पट्ट्यात तेच चार-सहावर येतात. वीस गुंठ्यांत दहा मीटरचे नऊ-दहा. आणि वाटण्या होऊन होऊन उरलेली बारा मीटर रुंद, ऐंशी मीटर लांब पट्टी असेल तर एकही ठिपका निखळ तुमचा नाही. करवीर आणि पन्हाळ्यात अशा पट्ट्यांचीच संख्या मोठी आहे, हे पैसे मोजण्याआधी ध्यानात घ्यावे. या फुकटच्या चित्रांवर चालणाऱ्या कुठल्याही ॲपने ‘तुमच्या आठ गुंठ्यांत तीन रंगांचे पट्टे’ दाखवले तर ते पट्टे ठिपके घासून गुळगुळीत करून काढलेले असतात.

रान बसवणे

खाते फुकट उघडते. फक्त ईमेल लागतो. मराठी नाही, हिंदीही नाही. मोबाइलवर उघडते पण डावीकडचा फलक अर्धा पडदा खातो. लॅपटॉप किंवा टॅब घ्यावा. गावाचे नाव शोधताना स्पेलिंगचा घोळ होतो, एकाच नावाची दोन-तीन गावे निघतात. त्यापेक्षा फोनच्या नकाशातून अक्षांश-रेखांश उचलून शोधचौकटीत टाकावेत. कोल्हापूर शहर १६.७०, ७४.२४ च्या आसपास आहे, त्यावरून अंदाज येईल.

उपग्रहांच्या यादीतून सेंटिनेल-२ आणि त्यात ‘एल२ए’ निवडायचे. ‘एल१सी’ हा दुसरा प्रकार घेऊ नये. त्यात हवेतल्या धुक्या-धुळीचा परिणाम काढलेला नसतो, त्यामुळे दोन तारखांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

पहिली मोठी चूक इथे होते. ढगांची टक्केवारी नावाची एक सरकपट्टी आहे आणि ती कमी ठेवली तर चित्रे स्वच्छ मिळतील असे वाटते. ती टक्केवारी मोजली जाते सुमारे शंभर किलोमीटर बाय शंभर किलोमीटरच्या चौकटीवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग बसलेले असतात आणि त्याच वेळी शिरोळ, हातकणंगले लख्ख असते. सरकपट्टी तीसवर ठेवली की असली चित्रे यादीतून गळून पडतात. ती शंभरवरच ठेवावी आणि प्रत्येक तारीख डोळ्यांनी बघून निवडावी.

रानाची हद्द फोन हातात धरून बांधावरून फिरून काढता येते, पण साध्या फोनचा जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर चुकतो आणि उंच उसाच्या कडेला आणखी. गूगल अर्थवर जुने, रान मोकळे असतानाचे चित्र काढून त्यावर हद्द आखणे जास्त भरवशाचे. ती केएमएल फाइल ब्राउझरमध्ये चढवता येते. हद्द बांधावरून न काढता आत दहा मीटर सोडून काढावी. विहीर, पंपाची खोली, गुऱ्हाळ, बांधावरची नारळाची रांग, वैरणीचा तुकडा हे सगळे बाहेर ठेवावे. लावण आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा वाढवलेला ऊस) एकाच गटात असतील तर दोन वेगळ्या हद्दी कराव्यात. नाहीतर सरासरी निघते ती कुणाचीच नसते.

महाभूनकाशावरून गट क्रमांकाची आकृती मिळते आणि ती तशीच वर चढवावी असा मोह होतो. ती आकृती प्रत्यक्ष जमिनीवर बऱ्याचदा तिरकी किंवा सरकलेली बसते. गट कुठला हे ओळखायला ती ठीक आहे, हद्द म्हणून नाही.

सगळे गडद हिरवे का दिसते

तयार थरांमध्ये एनडीव्हीआय असतो. अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल, एवढेच ते सूत्र. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त परतवते, म्हणून पीक दाट तसा आकडा एककडे सरकतो. मोकळ्या काळ्या रानाला साधारण ०.१ ते ०.२, उगवण होऊन दीड महिना झालेल्या उसाला ०.२ ते ०.३५, पाने जुळली की ०.७ च्या पुढे.

गडबड अशी की ब्राउझरच्या तयार रंगपट्टीत ०.६ च्या वरचे सगळे एकाच गडद हिरव्या रंगात जाते. जगभरच्या पिकांसाठी ती पट्टी केलेली आहे; चार-पाच महिन्यांच्या पुढचा कोल्हापूरचा ऊस त्यात आख्खाच्या आख्खा गडद हिरवा दिसतो. मग बघणारा म्हणतो, माझा ऊस एक नंबर. शेजाऱ्याचाही एक नंबर, मेलेल्या कोपऱ्याचाही एक नंबर.

उपाय दोन मिनिटांचा आहे. थरांच्या यादीत ‘कस्टम’ आणि त्यात ‘इंडेक्स’ असा पर्याय आहे. तिथे पट्टे स्वतः निवडता येतात आणि रंगपट्टीची खालची-वरची टोके ओढता येतात. बी-८ (अवरक्त) आणि बी-४ (लाल) ठेवून टोके ०.५ आणि ०.९ वर आणली की लगेच फरक उठून दिसतात. पण भरणीनंतरच्या उसात याहीपेक्षा चांगला पर्याय म्हणजे बी-८ए (अवरक्त) आणि बी-५ (रेड-एज), म्हणजे लालऐवजी रेड-एज धरून काढलेला एनडीआरई. कारण दाट पानांच्या पहिल्या दोन-तीन थरांतच लाल प्रकाश संपून जातो. पुढे पाने कितीही वाढली, कमी झाली तरी एनडीव्हीआय ०.८ च्या आसपास अडकून बसतो. रेड-एजचा प्रकाश पानांच्या आणखी खालच्या थरापर्यंत पोचतो आणि हरितद्रव्य कमी झाले की आधी हलतो. किंमत एवढीच की ठिपका चार गुंठ्यांचा होतो.

एनडीआरईचा अमुक आकडा म्हणजे चांगला ऊस, असा तक्ता कुणी दिला तर विश्वास ठेवू नये. ८६०३२, ०२६५ आणि गुळासाठी लावतात तो ९२००५ या उसाच्या जातींच्या पानांची ठेवण आणि रंग वेगळे. लावणीची तारीख महिनाभराने पुढे-मागे असली तरी आकडे वेगळे. तुलना करायची ती एकाच जातीच्या, एकाच पंधरवड्यात लावलेल्या रानांची, किंवा एकाच रानातल्या दोन कोपऱ्यांची.

भरणीआधीचे एक चित्र

या सेवेचा सगळ्यात रोकडा उपयोग हाच, म्हणून थोडे सविस्तर.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सर्वसाधारण शिफारशीत हेक्टरी नत्र आडसालीला ४००, पूर्वहंगामीला ३४० आणि सुरूला २५० किलो आहे. ते चार हप्त्यांत: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला उरलेले ४० टक्के. पूर्वहंगामीचा शेवटचा हप्ता म्हणजे हेक्टरी १३६ किलो नत्र. एकरी ५५ किलो, युरियात सांगायचे तर एकरी सुमारे १२० किलो, पंचेचाळीस किलोची अडीच-पावणेतीन पोती. एकदा भरणी झाली की हा हप्ता मातीआड गेला. मग रानात ट्रॅक्टर जात नाही आणि चुकले ते चुकले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लावणीची भरणी फेब्रुवारी-मार्चात येते, जुलै-ऑगस्टच्या आडसालीची नोव्हेंबर-डिसेंबरात, जानेवारीच्या सुरूची मे महिन्यात. वळवाचे ढग सोडले तर या तिन्ही वेळा आकाश मोकळे असते. म्हणजे कोल्हापूरचे ढगांचे वेळापत्रक उसाच्या खताच्या वेळापत्रकाला अडवत नाही, आणि हे भाताला किंवा सोयाबीनला म्हणता येत नाही.

करायचे असे. भरणीच्या आठ-दहा दिवस आधीचे स्वच्छ चित्र काढायचे. एनडीआरईवर रानाचे तीन भाग डोळ्यांनी पाडायचे: दाट, मध्यम, फिके. फिक्या भागाच्या मध्यावर कर्सर नेऊन अक्षांश-रेखांश फोनवर घ्यायचे आणि तिथे चालत जायचे. तिथे पाचपैकी एक काहीतरी निघते: तुटाळ, पिवळी पाने, पाणी साचलेले, पाणी न पोचलेले, किंवा खडकाळ-मुरमाड जमीन. यातल्या फक्त एकाचा, नत्राअभावी पिवळेपणाचा, इलाज जादा युरिया आहे. तुटाळीवर जादा पोते टाकणे म्हणजे तणाला वैरण घालणे. मुरमाड भागात हप्ता वाढवण्यापेक्षा तो दोनदा विभागून देणे बरे, कारण तिथून नत्र झिरपून जाते. पाणी साचलेल्या भागात मुळांना हवा मिळाल्याशिवाय कुठलेही खत लागू पडत नाही.

आंतरपीक असेल तर हे सगळे फसते. पूर्वहंगामी उसाच्या सरीत कोथिंबीर, फ्लॉवर, हरभरा, आडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन असले की पहिल्या तीन महिन्यांचा हिरवेपणा त्यांचा असतो. तणाचेही तेच. लव्हाळ्याने भरलेले रान पडद्यावर भरघोस दिसते आणि भांगलण करून स्वच्छ ठेवलेले रान त्याच्यापुढे फिके पडते. म्हणून आंतरपीक निघून, तण काढून दहा-पंधरा दिवस झाल्यानंतरचेच चित्र धरावे.

पाणी

‘मॉइश्चर इंडेक्स’ हा तयार थर पानांतल्या पाण्याचा अंदाज देतो, मातीतल्या नव्हे. तो अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त पट्ट्यांवर चालतो. जवळजवळ झाकलेल्या रानात, एप्रिल-मे मध्ये, पाटाच्या शेवटच्या टोकाचा ताण यात छान उमटतो. कोल्हापुरी बंधाऱ्यावर उपसाबंदी लागली की कुठल्या भागाने आधी मान टाकली, हे गावाच्या पातळीवर दिसते; पाणीवाटप करणाऱ्या संस्थेने हे एकदा तरी बघावे. लहान उसात मात्र कालच पाणी दिले असेल तर ओली माती आकडा उगाच वर नेते. त्यामुळे पाळीच्या आधीचे चित्र घ्यायचे, नंतरचे नाही.

‘मुळाशी किती टक्के ओल’ असे एखादे ॲप सांगत असेल तर ती आकडेमोड असते, मोजमाप नसते. मातीची ओल थेट मोजणाऱ्या नासाच्या स्मॅप उपग्रहाचे मूळ मोजमाप सुमारे चाळीस किलोमीटरच्या टप्प्याचे आहे. म्हणजे कोल्हापूर ते निपाणी एक ठिपका. ठिबकचे वेळापत्रक ठरवायला रानात टेन्शिओमीटरच (मातीची ओल मोजणारी नळी) रोवावा लागतो.

क्षारपडीसाठी मात्र ही सेवा सोन्यासारखी आहे, आणि याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. शिरोळ तालुक्यात पाणथळ-क्षारपड जमीन किती पसरली आहे हे तिथल्या माणसाला सांगायला नको. २०१७ पासूनच्या प्रत्येक एप्रिल-मे महिन्याचे एक चित्र काढून एकामागून एक बघितले तर पांढरा डाग कुठे होता आणि कुठवर सरकला ते स्पष्ट दिसते. ‘टाइमलॅप्स’ची सोय त्यासाठीच वापरावी. डाग ओढ्याच्या किंवा पाटाच्या बाजूने पसरतोय की खोलगट भागातून वर येतोय, यावरून सच्छिद्र पाइपचा निचरा कुठून काढायचा याचा पहिला अंदाज येतो. पहिला अंदाजच. माती तपासल्याशिवाय पाइप गाडू नयेत: विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर क्षार, सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर चोपणपणाचा (जादा सोडियमचा) संशय. दोन्हींचे इलाज वेगळे. जिप्सम चोपणला लागते, निव्वळ क्षारांना निचरा आणि गोडे पाणी. पडद्यावर दोन्ही पांढरेच.

जून ते सप्टेंबर

या चार महिन्यांत सेंटिनेल-२ जवळपास आंधळा असतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत तर कोरी पाटी. महिना-महिना एकही वापरण्याजोगे चित्र मिळत नाही. हुमणीचे नुकसान नेमके याच काळात होते. पडद्यावर वाळलेला पट्टा ऑक्टोबरात दिसेपर्यंत अळी खाऊन मोकळी झालेली असते. तिचा बंदोबस्त वळीव पडल्यावर कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी जमणारे भुंगेरे गोळा करूनच. उपग्रहाचा उपयोग एवढाच की गेल्या तीन-चार ऑक्टोबरांची चित्रे बघून दरवर्षी कुठला भाग वाळतो ते हेरता येते.

ढगांतून बघायचे तर सेंटिनेल-१. तो रडार आहे, साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी सोडतो, रात्रीही चालतो. त्याच ब्राउझरमध्ये मिळतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखा प्रसंग आला की पंचगंगेचे पाणी कुठवर पसरले ते यात काळ्या रंगात दिसते, कारण संथ पाणी लहर आरशासारखी दुसरीकडे फेकते आणि उपग्रहाकडे काहीच परत येत नाही. मोकळे रान, भातखाचर, रस्ते, गवताळ मळी यांसाठी हे उत्तम.

उसासाठी मात्र सावध. पाच-सहा फूट पाणी आणि त्यावर ऊस डोके काढून उभा असेल तर एवढी आखूड लहर पानांवरच अडते. खालचे पाणी तिला दिसतच नाही. नकाशात ते रान कोरडे दिसते. नकाशा दाखवून ‘तुमच्याकडे पूर आलाच नाही’ असे कुणी म्हटले तर हे कारण पुढे करावे. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल-बँड लहरी चोवीस सेंटिमीटरच्या आहेत आणि त्या पानांतून बऱ्याच खाली उतरतात. बुडालेल्या उसाच्या बाबतीत त्याच्याकडून जास्त आशा आहे.

पूर ओसरल्यावर आणखी एक फसवणूक होते. शेंडा पाण्याखाली राहून कुजला की डोळे फुटतात, पांगशा (बाजूची फूट) निघतात. ऑक्टोबरच्या चित्रात रान पुन्हा हिरवेगार. वजन गेलेले, साखर गेलेली, पण एनडीव्हीआय ०.७. नुकसानीचा पुरावा म्हणून हे चित्र उलटेच अंगावर येईल. पंचनामा आणि रानातले फोटो वेळेत झालेच पाहिजेत.

पश्चिमेकडच्या तालुक्यांतल्या भाताचा विषय वेगळा. रोप लावणीच्या वेळी खाचरात पाणी, मग पीक उठते. रडारचा आकडा आधी खाली, मग वर. या चढउतारावरून भाताखालचे क्षेत्र काढण्याची पद्धत देशभर वापरात आहे; दिल्लीचे महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून उपग्रहांच्या आधारे पीक अंदाज काढते, त्यात खरिपाच्या भाताला रडारच लागतो. धान्याचा साठा, आयात-निर्यात हे निर्णय ज्या आकड्यांवर होतात त्यांत हे काम मोलाचे आहे. पण रडारच्या चित्रात मिठासारखी भुरभुर असते. ती घालवायला अनेक ठिपक्यांची सरासरी काढावी लागते. डोंगरउतारावरच्या तीन-चार गुंठ्यांच्या खाचरात सरासरी कशाची काढणार? शिवाय उताराची एक बाजू अती उजळ, दुसरी सावलीत. तालुक्याचा अंदाज येईल, आजऱ्याच्या घनसाळ भाताच्या एका खाचराचा नाही.

तोडणी

कारखान्याच्या गटऑफिसने बघावे असे काही असेल तर हे. ऊस तुटला की एनडीव्हीआय एका फेरीत ०.६ वरून ०.२ वर कोसळतो. नोव्हेंबर ते मार्च आकाश स्वच्छ असल्याने दर पाच दिवसांनी गावात किती क्षेत्र तुटले, किती उभे आहे, हे जवळपास चूक न होता निघते. चिटबॉयच्या (कारखान्यासाठी ऊस नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नोंदीशी ते लावले की नोंद एकाकडे आणि ऊस दुसऱ्या कारखान्याला, हे लगेच उघडे पडते. पाचट जाळले तर रान काळे, राखले तर उजळ, तेही दिसते.

साखर उतारा मात्र यातून निघत नाही. पक्वतेकडे जाताना ओलाव्याचा आकडा उतरतो, त्यावरून कुठले फड आधी बघावेत एवढा क्रम लावता येईल. ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः साखरेचे प्रमाण) हाती धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजावा. नोव्हेंबर-डिसेंबरात आडसालीत फिकट पट्टा दिसला तर रोग समजून धावू नये, आधी तुरा आलाय का बघावे. ऊस लोळला असेल तरी आकडे वेडेवाकडे येतात.

ढगांच्या सावल्या ही या हंगामातली किरकोळ पण रोजची डोकेदुखी. हिवाळ्यात अकरा वाजता सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावली ढगाच्या वायव्येला पडते. रानात अचानक काळपट डाग दिसला तर आग्नेयेकडे थोडे सरकून पांढरा ढग आहे का पाहावे. ब्राउझरच्या आलेखात एकाच तारखेला आकडा खड्ड्यात जाऊन पुढच्या फेरीत परत वर आला तर तो ढग किंवा सावली. पीक असे पाच दिवसांत मरून जिवंत होत नाही.

फाइल उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतः आकडेमोड करणाऱ्यांसाठी एक सूचना. २५ जानेवारी २०२२ पासून मूळ आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुनी आणि नवी वर्षे एकत्र लावली तर त्या तारखेपासून सगळ्या जिल्ह्याचा एनडीव्हीआय एकदम घसरल्यासारखा दिसतो. ब्राउझरमध्ये ही दुरुस्ती आपोआप होते.

भुवन की विकतचे ॲप

इस्रोचे भुवन २००९ पासून आहे, त्यात मराठी माणसाला ओळखीचे नकाशे, जमिनीचा वापर, पाणलोट हे सगळे चांगले आहे. पण चालू पिकावर नजर ठेवायला रिसोर्ससॅटचा लिस-३ कॅमेरा २३.५ मीटरच्या ठिपक्याचा आणि त्याच जागी चोवीस दिवसांनी येणारा. एक ठिपका साडेपाच गुंठे. उसाच्या रोजच्या कामाला तो मागे पडतो.

विकतच्या ॲपमध्ये मराठी भाषा, मोबाइलवर सूचना आणि फोन केला तर बोलणारा माणूस, या तीन गोष्टींचे पैसे असतात, आणि ते देण्यासारखे आहेत. चित्राचे वेगळे पैसे देऊ नयेत. वर्गणी भरण्याआधी प्रतिनिधीला चार गोष्टी विचाराव्यात. चित्र कुठल्या उपग्रहाचे आणि आज दिसते ते कुठल्या तारखेचे? ‘रोजचे चित्र’ म्हणत असतील तर ते प्लॅनेटस्कोपसारख्या तीन मीटरच्या व्यापारी उपग्रहाचे आहे का? तसे असेल तर गुंठ्यात अकरा ठिपके मिळतात आणि लहान पट्ट्यांना खरोखर फायदा होतो. नसेल तर मधले दिवस अंदाजाने भरलेले आहेत. रंगपट्टी पक्की आहे की रानापुरती ताणलेली? ताणलेली असेल तर उत्तम रानातही एक कोपरा लाल दिसणारच, कारण सगळ्यात कमी आकड्याला लाल रंग द्यायचा असे आज्ञावलीत लिहिलेले असते. त्या लालीवर फवारणी विकली जाते. आणि नत्र किलोत सांगत असाल तर कुठल्या जातीवर, कुठल्या जमिनीत ताडून पाहिले आहे? शेवटच्या प्रश्नावर गडी गडबडला तर कोपर्निकसचे फुकटचे खाते, एक टॅब आणि गावातला लॅपटॉप चालवणारा पोरगा एवढ्यावर भागते.